आकडा टेस्टोस्टेरॉनचा, दुखणे धमन्यांचे

पंचेचाळीशी-पन्नाशीतल्या पुरुषाच्या टेस्टोस्टेरॉनवरून सध्या जो वाद चालतो, तो दोन ओळींत मावतो. एक बाजू म्हणते, हे संप्रेरक कमी झाले की धमन्या कडक होतात, म्हणून ते बाहेरून भरा. दुसरी म्हणते, बाहेरून भराल तर हार्ट अटॅक ओढवून घ्याल. पहिल्या बाजूचे लोक वेलनेस क्लिनिकांच्या जाहिरातींत आणि ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांत भेटतात. दुसरी बाजू जिममध्ये कुणी कोसळल्याची बातमी आली की त्या दिवसापुरती व्हॉट्सअॅपवर जागी होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टेस्टोस्टेरॉनच्या औषधांवरचा हृदयविकाराचा ठळक इशारा काढायला सांगितला, तेव्हापासून पहिल्या बाजूला चांगलाच चेव चढला आहे. दोन्ही बाजू धरून बसल्या आहेत तो प्रश्नच चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. मध्यमवयीन गोंयकाराच्या रिपोर्टात दिसणारा कमी आकडा बहुतेक वेळा धमन्या बिघडण्याचे कारण नसतो. पोट, साखर, दारू आणि तुटकी झोप यांनी संप्रेरकाचे आणि धमन्यांचे एकाच वेळी जे नुकसान केलेले असते, त्याची ती खूण असते. ज्याला खरोखर कमतरता आहे त्याला औषध जरूर मिळावे, पण ते त्या कमतरतेसाठी. धमन्या सुधारतील या आशेने ते घेण्याला आज आधार नाही.

पहिल्या बाजूचा पुरावा हलका आहे असे भासवून वाद जिंकता येईल, पण ते खरे होणार नाही. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात आणि नेदरलँड्समध्ये झालेल्या मोठ्या पाहण्यांत, ज्यांचे टेस्टोस्टेरॉन कमी त्यांच्या मोठ्या धमन्यांची अवस्था जास्त वाईट, असे दिसले. प्रोस्टेटच्या कर्करोगात हे संप्रेरक औषधाने मुद्दाम जवळजवळ शून्यावर आणतात. त्या रुग्णांच्या पोटावर काही महिन्यांत चरबी चढते, स्नायू उतरतात, इन्सुलिन नीट लागू पडेनासे होते, आणि मधुमेह व हृदयविकार दोन्ही वाढतात. हृदयाच्या धमनीत टेस्टोस्टेरॉन थेट सोडले तर ती काही मिनिटांत रुंदावते, हेही प्रयोगांत दिसले आहे. इतके सगळे एका दिशेला बोट दाखवत असताना शंका कशाला काढायची?

कारण बोट नेमके कुठे आहे ते पाहिलेले नाही. ट्रॉम्सोच्याच पाहणीचे उदाहरण घ्या. कमी टेस्टोस्टेरॉन आणि मानेतल्या कॅरोटिड धमनीची जाड भिंत यांचा संबंध धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरला तरी टिकला. पण वजन हिशेबात घेताच तो विरून गेला. म्हणजे संप्रेरक आणि धमनी या दोघांच्या मागे तिसरा कुणी उभा होता, आणि तो पोटावर बसलेला होता. पोटातल्या चरबीत अरोमाटेज नावाचे विकर असते. ते टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. तीच चरबी इन्सुलिनला दाद देत नाही. शरीरात इन्सुलिन चढे राहिले की यकृत एसएचबीजी हे प्रथिन कमी बनवते, आणि रक्तातले बरेचसे टेस्टोस्टेरॉन याच प्रथिनाला चिकटून फिरत असल्यामुळे एकूण आकडा खाली येतो. वरून मेंदूतून वृषणाकडे जाणारा संदेशही मंदावतो. हीच चरबी आणि हेच इन्सुलिन धमनीच्या आतल्या अस्तराला सुजवत असतात. प्रोस्टेटच्या रुग्णांचा दाखलाही इथे पुरत नाही. संप्रेरक शून्यावर गेल्याने जे होते, ते रक्तातला आकडा ४५० चा २८० (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) झाल्यानेही होईल, असे कसे म्हणता येईल? आणि धमनी दहा मिनिटे रुंदावली म्हणून तिच्या भिंतीत दहा वर्षे साठणारे प्लाक, म्हणजे चरबीचे थर, थांबते असेही नाही.

संप्रेरक आणि हृदय या जोडीने वैद्यकाला याआधीही तोंडघशी पाडले आहे. १८८९ मध्ये ब्राउन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने, वयाच्या ७२ व्या वर्षी, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि अंगात तारुण्याचे बळ आल्याचे पॅरिसच्या विद्वत्सभेत सांगितले. त्या पाणचट अर्कात टेस्टोस्टेरॉन नावापुरतेही नसणार, कारण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. खरे टेस्टोस्टेरॉन हाती लागले १९३५ मध्ये. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९४६ मध्ये, लेसर नावाच्या अमेरिकी डॉक्टरने छातीत कळ येणाऱ्या शंभर रुग्णांना त्याची इंजेक्शने दिली आणि ९१ जणांना बरे वाटल्याचे लिहिले. तुलनेसाठी खोटे इंजेक्शन दिलेला गट नव्हता. तो का लागतो, हे १९५९ मध्ये सगळ्यांना कळले. छातीतली एक धमनी बांधून टाकणारी शस्त्रक्रिया त्या काळी अंजायनावर, म्हणजे छातीतल्या याच कळेवर, जोरात चालली होती. काही रुग्णांच्या छातीवर नुसता छेद देऊन टाके घातले, तर त्यांनाही तेवढेच बरे वाटले. छातीतली कळ ही विश्वासाला फार लवकर वश होते.

यापेक्षा मोठा धडा उलट्या दिशेने आला. पाळी जाईपर्यंत बायकांना हार्ट अटॅक क्वचित येतो, तेव्हा इस्ट्रोजेन हृदय राखत असले पाहिजे, हा तर्क साठच्या दशकात इतका पटला की अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांनाच इस्ट्रोजेन देऊन पाहिले. ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या चाचणीत ८,३४१ पुरुष होते. ५ मिलिग्रॅम इस्ट्रोजेनचा गट १९७० मध्ये आणि २.५ मिलिग्रॅमचा १९७३ मध्ये थांबवावा लागला. फायदा दिसला नाही आणि गुठळ्यांचा त्रास वाढला. तरी शहाणपण आले नाही. पाळी गेलेल्या बायकांना हृदयासाठी म्हणून संप्रेरके देण्याची चाल पुढे कित्येक वर्षे राहिली, कारण पाहण्यांमध्ये ती घेणाऱ्या बायका निरोगी दिसत. २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीने तो समज मोडला. गोळी घेणाऱ्या बायका आधीपासूनच जास्त शिकलेल्या, कमी जाड आणि डॉक्टरकडे वेळच्या वेळी जाणाऱ्या होत्या, एवढेच ते गुपित. आज पुरुषांच्या बाबतीत तेच गणित पुन्हा मांडले जात आहे, फक्त संप्रेरक बदलले आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे. ‘टेस्टोस्टेरॉन म्हणजे अटॅक’ म्हणणाऱ्यांकडेही पुरावा आहे. कोरियाच्या जुन्या राजदरबारातल्या ८१ खोजांच्या वंशावळी तपासल्या तर ते सरासरी ७० वर्षे जगले, त्यांच्या बरोबरीचे इतर पुरुष पन्नाशीतच जात. २००९ च्या डिसेंबरात अशक्त वृद्धांवरची एक चाचणी अर्ध्यावर थांबवली गेली, कारण २०९ जणांपैकी टेस्टोस्टेरॉनचे जेल लावणाऱ्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या तक्रारी २३ जणांना झाल्या आणि खोट्या जेलच्या गटात पाच जणांना. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात, ६५ च्या वरच्या १३८ पुरुषांपैकी ज्यांनी वर्षभर जेल लावले त्यांच्या हृदयाच्या धमन्यांतले मऊ प्लाक दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढले. हे शेवटचे निरीक्षण मला खरेच खटकते, आणि टेस्टोस्टेरॉनच्या वकिलांनी ते कधी नीट खोडलेले नाही. पण खोजांचे खच्चीकरण वयात येण्याआधी झालेले असे. पन्नाशीच्या माणसाला त्यातून काय शिकायचे? २०९ जणांची ती चाचणी हृदयासाठी आखलेलीच नव्हती. आणि ज्या २०१३ च्या अभ्यासाने जगभर मथळे गाजवले, त्यात पुरुषांच्या आकडेवारीत जवळजवळ शंभर बायका मिसळल्याचे नंतर निघाले. एवढ्यावर कुणाला घाबरवणे योग्य नाही.

म्हणून मोठी चाचणी हवी होती आणि ती झाली. ‘ट्रॅव्हर्स’ या नावाने २०२३ मध्ये निकाल आला. वय ४५ ते ८०, हृदयविकार आधीच असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले, सकाळचे टेस्टोस्टेरॉन दोनदा ३०० च्या खाली, असे ५,२०४ पुरुष, आणि सरासरी ३३ महिन्यांची देखरेख. हृदयविकाराने मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही औषधाच्या गटात ७.० टक्क्यांना झाले, खोट्या जेलच्या गटात ७.३ टक्क्यांना. यावरूनच औषधांवरचा तो इशारा काढला गेला, आणि दुसऱ्या बाजूने आता तरी हे मान्य करावे की योग्य मात्रेत, खऱ्या कमतरतेसाठी, देखरेखीखाली दिलेले टेस्टोस्टेरॉन अटॅकचा सौदा नाही. मात्र हाच निकाल पहिल्या बाजूच्या विरोधात जातो, ते जाहिरातीत येत नाही. टेस्टोस्टेरॉन धमन्यांचे औषध असते तर पाच हजार धोक्यातल्या पुरुषांत ७.३ चे ७.० एवढाच, तोही नशिबाने पडावा इतका फरक पडला असता का? शिवाय औषधाच्या गटात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण ३.५ टक्के होते, दुसऱ्या गटात २.४. फुप्फुसात गुठळी ०.९ विरुद्ध ०.५. हाडे बळकट होतील ही अपेक्षा होती, तर फ्रॅक्चर औषधाच्या गटातच जास्त झाले. दोन्ही गटांत साठ टक्क्यांवर लोकांनी जेल मधेच सोडले, हे विसरून कुणीच या निकालावर फार जोराने बोलू नये. आणि इशारा काढतानाच रक्तदाब वाढण्याची सूचना लावायला सांगितली आहे, तीही वाचायला हवी.

पहिल्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा ऑस्ट्रेलियातून येतो. तिथे कंबर ९५ सेंटिमीटर किंवा जास्त आणि साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर किंवा नुकतीच ओलांडलेली, अशा ५० ते ७४ वयाच्या १,००७ पुरुषांना दोन वर्षे आहार-व्यायामाच्या कार्यक्रमात ठेवले, आणि निम्म्यांना त्याबरोबर तीन महिन्यांनी एक असे १,००० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले. दोन वर्षांनी मधुमेह दिसला तो इंजेक्शनच्या गटात १२ टक्क्यांत, दुसऱ्या गटात २१ टक्क्यांत. हा फरक लहान नाही. मधुमेह टळला तर धमन्याही वाचतील, असा युक्तिवाद त्यावरून होतो आणि तो मूर्खपणाचा नाही. पण इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांचे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा, ५४ टक्क्यांच्या वर गेले. तेवढे घट्ट रक्त डॉक्टरला औषध थांबवायला लावते. प्रत्येक पाचवा माणूस त्या रेषेपलीकडे जात असेल, तर हा उपाय सरसकट वाटण्यासारखा नक्कीच नाही. धमन्यांबद्दल तर ही चाचणी काही सांगतच नाही.

हे सगळे गोव्याला जास्त लागू होते. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले, २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर जगात ५९ च्या आसपास. याचा अर्थ, गोव्यात चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन सरसकट तपासत सुटलो तर कमी आकड्यांचा ढीग लागेल, आणि त्यांतले बहुतेक आकडे साखरेचे आणि पोटाचे असतील. खाडीकाठच्या खाजन शेताचा बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की भात पिवळे पडते. त्या पिवळ्या पात्यांवर फवारणी करत बसलेल्या माणसाला आपण काय म्हणू? बांध इथे कंबरेला आहे, आणि तो मोजायला टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर, नव्वद सेंटिमीटरच्या वर माप गेले तर पुरुषाने सावध व्हावे. पॅन्टचा नंबर सांगून चालत नाही, कारण पोट सुटलेला माणूस पॅन्ट पोटाखाली नेसतो आणि वर्षानुवर्षे ‘चौतीस’च राहतो.

पॅकेजातला रिपोर्ट कसा फसवतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा ४९ वर्षांच्या माणसाच्या कागदावर टोटल टेस्टोस्टेरॉन २६८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले आणि पुढे बाण खाली. तरुण, सडपातळ पुरुषांवरून ठरवलेली मर्यादा २६४ ते ९१६ अशी आहे आणि अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ ३०० ची रेषा धरतात, म्हणजे हा आकडा उंबरठ्यावरचा. आता नमुना कधी घेतला ते बघा. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असते. तिशी-चाळिशीत दुपारी चारला ते सकाळी आठपेक्षा वीस ते पंचवीस टक्क्यांनी कमी भरते. शिवाय पोट भरलेले असले तरी ते पडते: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजल्यावर सरासरी पाव हिस्सा उतरल्याचे दिसले आहे. शुगरसाठी उपाशी रक्त दिले, नाष्टा झाला, दोन तासांनी जेवणानंतरच्या शुगरचे रक्त घेताना ‘हेही त्यातच करून टाका’ म्हणून टेस्टोस्टेरॉनची नळी भरली, तर तो आकडा कागदावर असूनही नसल्यासारखा. ताप, डेंग्यू, ऑपरेशन यानंतर काही आठवडे तो उगाचच खाली असतो. रात्रपाळी, सलग जागरण, स्टिरॉइडच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके हीही तो पाडतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर तो खोटा वर जातो. पहिल्यांदा कमी आलेल्यांपैकी जवळजवळ तीस टक्क्यांचा आकडा दुसऱ्या वेळी ठीक येतो. म्हणून सकाळी दहाच्या आत, उपाशी, दोन वेगवेगळ्या दिवशी, याला पर्याय नाही.

समजा त्या माणसाने तसेच केले आणि पुन्हा २६८ च आले. अजूनही निदान झालेले नाही. एसएचबीजी तपासले तर ते १४ नॅनोमोल प्रति लिटर निघते, पोटवाल्या माणसात निघते तसे कमी. आल्ब्युमिन हे रक्तातले दुसरे प्रथिन ४.३. या तिन्हींवरून मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा हिशेब केला तर ते २७० पिकोमोल प्रति लिटरच्या आसपास येते. युरोपातल्या मोठ्या पाहणीने कमतरतेसाठी २२० च्या खालचा आकडा धरला होता. याचा अर्थ पेशींना मिळायचे ते संप्रेरक मिळते आहे; कमी झाले आहे ते वाहून नेणारे प्रथिन. हा हिशेब हाताने करावा लागतो, कारण बऱ्याच लॅबमध्ये थेट मोजलेले ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ भरवशाचे नसते. त्याच युरोपीय पाहणीत ४० ते ७९ वयाच्या पुरुषांत आकडा आणि लैंगिक लक्षणे दोन्ही जुळणारे फक्त २.१ टक्के निघाले. शंभरात दोन. आणि जाहिरात विचारते, ‘थकवा येतो का? पोट सुटले का? चिडचिड होते का?’ पन्नाशीत या तिन्हींना ‘नाही’ म्हणणारा पुरुष पेडण्यापासून काणकोणपर्यंत शोधून आणावा लागेल.

मग त्या २६८ वाल्याने काय करावे? वजनाचा दहावा हिस्सा उतरवला तर टेस्टोस्टेरॉन सरासरी ८० च्या आसपास वाढल्याचे अभ्यासांत दिसते. ९० किलोच्या माणसाला हे नऊ किलो, म्हणजे सहा ते नऊ महिन्यांचे काम. शीत-कडी (भात-कालवण) सोडायची गरज नाही. दुसऱ्यांदा घेतलेले शीत, संध्याकाळच्या चहाबरोबरचा उंडो (पाव) आणि रोजचे पेग हे तीन हिशेब पुरेसे आहेत. दारू वृषणांवर थेट मारा करते, रक्तदाब चढवते आणि ट्रायग्लिसराइड वाढवते. सलग आठवडाभर पाच तासच झोप दिली तर ठणठणीत तरुणांचेही दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरते. जो घोरतो आणि झोपेत श्वास अडकून दचकतो त्याने आधी झोपेची तपासणी करावी. धमन्यांसाठी मात्र वजनाची वाट बघत बसू नये. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ३९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने खाली आणले की अटॅक-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी घटतात. वरचा रक्तदाब ५ ने उतरला तर सुमारे १० टक्क्यांनी. टेस्टोस्टेरॉनच्या कुठल्याही मात्रेने असे काही केल्याचे दाखवता आलेले नाही. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतले आल्ब्युमिन, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन(ए) ही आनुवंशिक चरबी: टेस्टोस्टेरॉनच्या पॅकेजाचे पैसे इथे लागू द्यावेत. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही अशी घालमेल असेल तर हृदयाच्या धमन्यांत साठलेले कॅल्शियम मोजणारा सीटीवरचा कॅल्शियम स्कोअर उत्तर देऊ शकतो.

खरी कमतरता वेगळी ओळखू येते. दाढी करायची पाळी कमी होते, पहाटेचा ताठरपणा जातो, वृषण लहान लागतात, अंगात अचानक गरम वाफा येतात, कारण न सापडणारा अॅनिमिया किंवा हाडांचा ठिसूळपणा निघतो. अशा वेळी एलएचचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना जो हुकूम धाडते त्या संप्रेरकाचा, आकडा पाहावाच लागतो. तो चढा असेल तर दोष वृषणात: क्लाइनफेल्टर (जन्मतःच एक्स गुणसूत्र जास्त असणे), लहानपणी गालगुंडांत आलेली सूज, किमोथेरपी. खाली किंवा नेहमीइतकाच असेल तर दोष डोक्यात, मग प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचे दुसरे संप्रेरक आणि गरजेप्रमाणे एमआरआय. हे न करता जेल लिहून देणारा डॉक्टर पिट्युटरीची गाठ वर्षभर झाकून ठेवू शकतो. औषध सुरू करण्याआधी हिमॅटोक्रिट आणि पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी), पुन्हा तीन ते सहा महिन्यांनी, मग दरवर्षी. जेल लावलेला खांदा सुकेपर्यंत आणि झाकेपर्यंत पोराला कडेवर घेऊ नये, कारण ते त्याच्या कातडीला लागते. आणि मूल हवे असेल त्याने याला हातच लावू नये: बाहेरून संप्रेरक मिळाले की वृषणे काम थांबवतात, बहुतेकांच्या वीर्यातले शुक्रजंतू काही महिन्यांत नाहीसे होतात, परत यायला अर्धे ते एक वर्ष लागते. हे शेवटचे वाक्य किती क्लिनिकांत सांगितले जाते?

जिममधली गोष्ट निराळी, आणि या वादात ती मिसळल्यामुळेच गोंधळ वाढला आहे. कमतरतेच्या रुग्णाला आठवड्याला साधारण ७५ ते १०० मिलिग्रॅम पुरते. स्नायू फुगवायला औषधांची ‘सायकल’ मारणारा त्याच्या पाचपट आणि वर आणखी दोन औषधे घेतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षानुवर्षे स्टिरॉइड घेणाऱ्या वजनउचल्यांच्या हृदयाची पंप करण्याची ताकद कमी आणि धमन्यांतले प्लाक जास्त निघाले, आणि जितके जास्त घेतले तितके प्लाक जास्त. त्यांच्याकडे बोट दाखवून क्लाइनफेल्टरच्या रुग्णाचे औषध बंद करायला लावणे हा अन्याय आहे. ट्रॅव्हर्सचा निकाल दाखवून त्यांची सायकल निर्धोक ठरवणे हा दुसरा.

आपल्याकडे करता येण्यासारखे थोडे आहे आणि ते स्वस्त आहे. लॅबने टेस्टोस्टेरॉनच्या रिपोर्टावर नमुन्याची वेळ आणि उपाशी की जेवून हे ठळक छापावे, आणि दहानंतरचा नमुना घेण्याआधी माणसाला परत पाठवावे. पॅकेजातून ही तपासणी काढावी. लक्षणे पाहून डॉक्टरने लिहिली तरच करावी. आरोग्य केंद्रांत तिशीवरच्यांचे बीपी आणि शुगर तपासतात, तिथे पुरुषाला आणखी एकच प्रश्न विचारला जावा: ताठरता पूर्वीसारखी राहते का? लिंगाच्या धमन्या एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चार. अस्तर सगळीकडे सारखेच बिघडते, पण बारीक नळी आधी अडते. छातीत कळ येण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी ही तक्रार सुरू झालेली असते, असे वारंवार दिसले आहे. एवढी आगाऊ सूचना टेस्टोस्टेरॉनचा आकडा कधी देत नाही.

पण हा प्रश्न विचारतो कोण? माणूस ही तक्रार डॉक्टरला सांगत नाही, तालुक्याच्या गावातल्या फार्मसीत गिऱ्हाईक नसेल तेव्हा जाऊन सिल्डेनाफिलची, म्हणजे ताठरतेच्या गोळीची, पट्टी मागतो. ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, आणि ती सर्रास दिली जाते. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही तीच मिसळल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. फार्मसिस्टने निदान दोन गोष्टी कराव्यात: बीपी मोजून घ्यायला सांगावे, आणि सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची जिभेखालची गोळी चालू आहे का ते विचारावे. दोन्ही एकत्र पोटात गेली तर रक्तदाब धाडकन कोसळतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि त्याच जातीच्या टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेटची कुठलीच गोळी चालत नाही. छातीत दाब, डाव्या हातात कळ, दरदरून घाम असे झाले तर १०८ ला फोन करावा, जवळ ईसीजी जिथे निघतो तिथे पोचावे, आणि घरच्यांच्या देखत लाज वाटली तरी ताठरतेची गोळी कधी घेतली ते डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगावे.